व्हल्कनचं इंजिन आणि परळचा कारखाना

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर ‘रेल्वे इंजिनांच्या एका जुन्या कारखान्याचा इतिहास’ एवढंच छापलं आहे. त्यामुळे मी परळच्या वर्कशॉपवर बोलणार, असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलं असेल. समोर परळमधून आणि लोअर परळमधून निवृत्त झालेली मंडळी दिसताहेत, तेव्हा ती अपेक्षा रास्तच आहे. परळवर मी येणार आहे. पण आधी तुम्हाला इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्यातल्या एका गावी घेऊन जातो, कारण परळची गोष्ट तिथून सुरू होते असं माझं मत आहे.

गावाचं नाव न्यूटन-ले-विलोज. लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन शहरांच्या साधारण मध्यावर. १५ सप्टेंबर १८३० ला या दोन शहरांमधली रेल्वे सुरू झाली आणि त्यापाठोपाठ चार्ल्स टेलर नावाच्या उद्योजकानं तिथं एक ओतशाळा काढली. सुरुवातीचा बेत इंजिनांचा नव्हता. पुलांचे गर्डर, रुळांचे सांधे, क्रॉसिंग असा माल रेल्वेला लागणार, तो पुरवायचा. पण इंजिनं बांधणारे कारखाने दूर होते, आणि इंजिन ही काही पोत्यात घालून पाठवायची वस्तू नाही. १८३२ ला रेल्वे इंजिनं बांधण्यात गाजलेला रॉबर्ट स्टीफन्सन भागीदार म्हणून आला. स्टीफन्सन बापलेकांचा स्वतःचा कारखाना न्यूकॅसलला, म्हणजे देशाच्या दुसऱ्या किनाऱ्याला. १८३३ मध्ये या नव्या ओतशाळेतून पहिली इंजिनं बाहेर पडली. पुढच्याच वर्षी सतराअठरा वर्षांचा डॅनियल गूच इथं काम शिकायला आला. हाच गूच पुढे ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या इंजिन विभागाचा प्रमुख झाला आणि स्विंडनचा कारखाना त्यानं उभा केला. १८४७ मध्ये टेलरच्या कंपनीचं नाव व्हल्कन फाउंड्री कंपनी झालं, आणि पुढे जगभर ती व्हल्कन या नावानंच ओळखली गेली.

१८५२ मध्ये याच कारखान्यातून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेसाठी, आपल्या जुन्या लोकांच्या तोंडात बसलेल्या ‘जीआयपी’साठी, आठ इंजिनं निघाली. पुढे दोन लहान चाकं, मागे चार मोठी. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली चौदा डब्यांची गाडी यांच्यातल्याच तिघांनी ओढली. साहिब, सिंध आणि सुलतान ही त्यांची नावं आपण लहानपणापासून ऐकत आलो. एकवीस तोफांची सलामी, चारशे पाहुणे, नाना शंकरशेट, जमशेटजी जिजीभाई, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. त्याआधी १८५१ मध्ये रुडकीला सोलानी नदीवरच्या बांधकामात माती ओढायला एक इंजिन आलं होतं, आणि मुंबईतही कंत्राटदारांनी रूळ टाकताना ‘फॉकलंड’ नावाचं एक इंजिन वापरलं होतं. पण प्रवाशांना घेऊन धावलेली इथली पहिली इंजिनं व्हल्कनचीच.

व्हल्कनच का? नकाशा डोळ्यांसमोर आणा. लिव्हरपूलच्या बंदरात अमेरिकेचा कापूस उतरायचा आणि मँचेस्टरच्या गिरण्यांत जायचा. व्हल्कन बरोबर त्या वाटेवर. १८४६ मध्ये अमेरिकेतलं कापसाचं पीक बुडालं आणि लँकेशरचे गिरणीमालक घाबरले. एकाच देशाच्या पिकावर विसंबून चालणार नाही, वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरापर्यंत लवकर आला पाहिजे, म्हणून त्यांनी रेल्वेचा तगादा लावला. ईस्ट इंडिया कंपनीनं जीआयपीला भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली. रेल्वे तोट्यात गेली तरी भागधारकाला ५ टक्के मिळणार, आणि ते भरणार हिंदुस्थानचा महसूल. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या १८५३ च्या टिपणातही कापसाचा मुद्दा ठळक आहे. थोडक्यात, ज्या वाटेनं आपला कापूस तिकडे जाणार होता त्याच वाटेनं उलटं इंजिन आलं.

आता इंजिन बांधतात कसं, ते जरा सावकाश सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आणि खरं सांगायचं तर मला हा भाग सर्वांत आवडतो.

नकाशा ड्रॉइंग ऑफिसातून निघाला की तो आधी सुतारांकडे जातो. इंजिनाच्या कारखान्यात सुतार कशाला? सिलिंडर ओतायचा तर वाळूत साचा हवा, आणि साच्यासाठी लाकडाचा हुबेहूब नमुना. हा पॅटर्नमेकर साधा सुतार नसतो. लोखंड थंड होताना किती आकसणार, याचा हिशोब धरून तो लाकूड कापतो. मग ओतकाम. मग बॉयलर शॉप: लोखंडी पत्रे वाकवायचे, भोकं पाडायची, लाल तापलेला रिव्हेट एकानं आत धरायचा, दुसऱ्यानं बाहेरून ठोकायचा. दिवसभर बॉयलरच्या पोटात बसून ही ठोकाठोक ऐकणाऱ्या माणसांचे कान जायचे, विलायतेतही आणि परळमध्येही. आगीची पेटी तांब्याची, कारण तांबं उष्णता लवकर पाण्याला देतं. पण ती आणि बाहेरचं कवच यांच्या मधल्या जागेत वाफेच्या दाबाखालचं पाणी, म्हणून दोघांना शेकडो स्टे-बोल्टांनी जखडायचं. एकेक बोल्ट हातानं बसवायचा आणि नंतर हातोडीनं वाजवून आवाजावरून तुटलेला ओळखायचा.

चाकाचं काम तर तुमच्यातल्या गावाकडून आलेल्या प्रत्येकानं लहानपणी बघितलंय. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो तसंच: पोलादी टायर तापवून फुगवायचा, चाकावर बसवायचा, थंड झाला की तो आवळून बसतो. फरक एवढाच की इथं मापात केसभर चूक झाली तर टायर धावत्या गाडीत सैल होतो. शेवटी इरेक्टिंग शॉप. तिथं फ्रेम सरळ रेषेत लावायची, तिच्यावर सिलिंडर, बॉयलर, चाकं, आणि व्हॉल्व्ह गिअर जुळवायचा. वाफ सिलिंडरमध्ये नेमकी कुठल्या क्षणी शिरणार आणि कधी बंद होणार, हे जुळवणारा फिटर सगळ्या कारखान्यात मानाचा.

हिंदुस्थानला निघालेल्या इंजिनाच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. डलहौसीला रुळांमधलं अंतर सहा फूट हवं होतं, ठरलं साडेपाच फूट. विलायतेतलं अंतर चार फूट साडेआठ इंच. म्हणजे आपलं इंजिन कारखान्याच्या दारातल्या मुख्य लाइनवर धावूच शकत नव्हतं. ते पुन्हा सोडवायचं, जहाजात चढवायचं आणि इकडे जोडायचं. मुंबईत तेव्हा जहाज आत घेऊन माल उतरवायची गोदीही नव्हती. ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा. बॉयलरसारखं धूड जहाजातून पडावात आणि पडावातून किनाऱ्यावर उतरवणं हे केवढं जोखमीचं काम असेल, याचा विचार करा. ते जोडायचं काम भायखळ्याला व्हायचं. १८५४ मध्ये जीआयपीचा कारखाना तिथं निघाला, जागा अपुरी पडली, आणि १८७९ मध्ये तो परळला आला.

इथं आपण परळला पोचलो. परळला कायम ‘दुरुस्तीचा कारखाना’ म्हणतात. कागदोपत्री ते खरं आहे. पण इंजिन पीओएचला, म्हणजे ठरावीक मुदतीनं होणाऱ्या संपूर्ण दुरुस्तीला, आलं म्हणजे काय व्हायचं, हे इथल्या मंडळींना विचारा. बॉयलर उचलून बाजूला ठेवला जायचा, इंजिन फ्रेमपर्यंत उघडं व्हायचं. आगीची पेटी बदलली जायची, नळ्या बदलायच्या, सिलिंडर पुन्हा कातायचे किंवा नवे बसवायचे, टायर नवे, बेअरिंगं नवी ओतलेली. तीसचाळीस वर्षं असं झाल्यावर इंजिनावर विलायती काय उरायचं? फ्रेम, आणि मेकरची पितळी पाटी. पॅटर्नमेकर, ओतारी, बॉयलरवाले, टर्नर, फिटर, हे सगळे हात परळमध्ये होते. कोकणातून, घाटावरून आलेले, चाळीत राहणारे, भोंग्यावर उठणारे. ज्यांना इंजिन हाडापर्यंत सोडवून पुन्हा उभं करता येतं, त्यांना नवं इंजिन बांधता आलं नसतं असं कोण म्हणेल?

आणि हे अनुमान नाही, पुरावा आहे. अजमेरच्या कारखान्यात १८९५ मध्ये मीटरगेजचं इंजिन बांधलं गेलं. ते आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. बिहारमधल्या जमालपूरला १८९९ मध्ये ‘लेडी कर्झन’ बांधलं. म्हणजे इथले हात आणि इथले कारखाने इंजिन बांधू शकत होते. तरीही अभ्यासकांचा हिशोब असा आहे की स्वातंत्र्यापर्यंत इथं बांधलेली इंजिनं सुमारे ७००, आणि ब्रिटनमधून आणलेली १२ हजारांच्या वर.

असं का झालं, याचं उत्तर व्हल्कनच्या दारात सापडतं. ब्रिटनमधल्या मोठ्या रेल्वे कंपन्यांनी स्वतःचे कारखाने काढले: क्रू, स्विंडन, डर्बी. त्या आपापली इंजिनं बांधू लागल्यावर व्हल्कनसारख्या खासगी कारखान्यांना घरचं गिऱ्हाईक कमी झालं. त्यात क्रूचा कारखाना दुसऱ्या रेल्वेलाही इंजिनं विकायला लागला, तेव्हा खासगी कारखानदारांनी एकत्र येऊन १८७६ मध्ये कोर्टातून मनाई मिळवली. तरीही त्यांना खरा आधार परदेशाचाच, आणि परदेशांत सर्वांत भरवशाचं गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थान. जीआयपीचं संचालक मंडळ लंडनला, सल्लागार इंजिनीअर लंडनला, खरेदीच्या ऑर्डरी लंडनहून. १९०३ पासून हिंदुस्थानासाठी इंजिनांचे प्रमाणित नमुने ठरले, तेही लंडनमध्येच. व्हल्कनमधल्या कामगाराच्या चुलीला हिंदुस्थानची ऑर्डर लागायची. त्या कामगाराशी माझं काही वैर नाही. तोही आपल्यासारखाच कारखान्याजवळच्या वसाहतीत राहणारा. व्हल्कन व्हिलेज म्हणतात तिला, ती घरं आजही आहेत. पण ऑर्डर कुठं द्यायची हे ठरवणाऱ्या माणसांनी परळकडे आणि जमालपूरकडे बघितलं नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

१९२१ मध्ये सरकारनं देशी इंजिनांसाठी टेंडरं मागवू असं जाहीर केलं. त्या भरवशावर जमशेदपूरजवळ पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी उभी राहिली. कारखाना बांधून झाला, ऑर्डरी आल्या नाहीत. १९२४ मध्ये टॅरिफ बोर्डापुढे, म्हणजे परदेशी मालापासून देशी धंद्याला संरक्षण द्यायचं का हे तपासणाऱ्या मंडळापुढे, प्रकरण गेलं. निकाल असा की, मागणीच पुरेशी नाही, तेव्हा संरक्षण देता येत नाही. शेवटी सरकारनंच तो कारखाना घेतला आणि तिथं डब्यांच्या सांगाड्यांचं काम सुरू केलं. १९४५ मध्ये ती जागा टाटांकडे गेली आणि तिथून टेल्को, म्हणजे पुढची टाटा मोटर्स, निघाली. पश्चिम बंगालमधला चित्तरंजनचा सरकारी इंजिन कारखाना १९५० चा. बोरीबंदरच्या पहिल्या गाडीनंतर ९७ वर्षांनी.

आता याच्या शेजारी जपान ठेवून बघा. जपानला पहिलं इंजिन कुणी दिलं? व्हल्कननंच, १८७१ मध्ये, आपल्यानंतर १९ वर्षांनी. त्यांनीही सुरुवातीला विलायती इंजिनंच घेतली, विलायती इंजिनीअर बोलावले. पण १८९३ मध्ये कोबेच्या रेल्वे कारखान्यात त्यांनी इंजिन बांधलं. बांधून घेणारा इंजिनीअरही इंग्रजच होता, वाफेच्या इंजिनाचा आद्य कारागीर रिचर्ड ट्रेव्हिथिक याचा नातू. पुढच्या वीसेक वर्षांत जपाननं परदेशी इंजिनांची खरेदी जवळजवळ थांबवली आणि ऑर्डरी आपल्या कारखान्यांना दिल्या. व्हल्कनचं ते पहिलं इंजिन एका खासगी रेल्वेला विकलं गेलं होतं. ते शोधून १९३० मध्ये परत आणलं आणि आज सैतामाच्या संग्रहालयात ते राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलंय. आपल्या आठांपैकी एकही उरलेलं नाही. कारखाना एकच, गिऱ्हाइकं दोन. जपानची ऑर्डर तोक्योत ठरायची आणि आपली लंडनमध्ये, या एका फरकानं पुढची शंभर वर्षं बदलली. आज मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच.

तिकडच्या मालाचं कौतुक करायचं तिथं करू या. मुंबई ते पुणे लाइनचं विजेचं काम १९२९-३० मध्ये झालं, तेव्हा बोरघाटात ३७ फुटाला एक फूट चढावर माल ओढायला ४१ इंजिनं आली. त्यांपैकी ३१ व्हल्कनची, १० स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरची. मधला भाग उंच आणि दोन्हीकडे लांब नाकं, त्यामुळे वळणावर ती अंग दुमडून जायची. उभी असताना कण्हल्यासारखा आवाज. आपल्या ड्रायव्हरांनी त्यांना नाव ठेवलं खेकडा. साठ वर्षांच्या आसपास हे खेकडे घाटात आणि यार्डात राबले. एक सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत उभा आहे, जाता येता जरूर बघा. १९५४-५५ मध्ये आलेली डब्ल्यूसीएम-१ वर्गाची सात विजेची इंजिनंही इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनी आणि व्हल्कनचीच. पण हेही सांगितलं पाहिजे की १९२० च्या दशकात लंडनच्या सल्लागारांनी आखलेली आणि व्हल्कननंही बांधलेली एक्सबी वर्गाची वाफेची इंजिनं वेगात डगमगायची. १७ जुलै १९३७ ला बिहारमध्ये बिहटा इथं अशा इंजिनाची गाडी घसरली आणि शंभरावर माणसं गेली. चौकशीसाठी विलायतेतून समिती आली. तीत लंडन मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेचा प्रमुख मेकॅनिकल इंजिनीअर विल्यम स्टॅनियर होता. ज्या रुळांवर गाडी धावणार त्यांपासून हजारो मैल दूर बसून इंजिन आखण्याचे धोके असे असतात.

बाकीचा इतिहास भराभर सांगतो. १९३० च्या मंदीत व्हल्कनला तगवलं ते स्टॅनियरच्या रेल्वेनं दिलेल्या १०० इंजिनांच्या ऑर्डरीनं. तीच ‘ब्लॅक फाइव्ह’ म्हणून गाजली. त्याच सुमारास चीनला २४ अवाढव्य इंजिनं गेली, त्यांतलं एक आज यॉर्कच्या संग्रहालयात आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथं मटिल्डा रणगाडे बांधले गेले. डिसेंबर १९४० मध्ये इजिप्तच्या वाळवंटात चौथी इंडियन डिव्हिजन इटालियन छावण्यांवर चालून गेली ती याच रणगाड्यांच्या सोबतीनं. युद्धासाठी बांधलेल्या ९३५ ‘ऑस्टेरिटी’ इंजिनांपैकी ३९० व्हल्कनची.

मग डिझेल आलं. १९५५ मध्ये व्हल्कन इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये गेली. १९६१-६२ मध्ये तिथं २२ ‘डेल्टिक’ डिझेल इंजिनं बांधली गेली, ३,३०० अश्वशक्तीची, ताशी १०० मैल धावणारी. पण ब्रिटिश रेल्वेची वाफेची इंजिनं बदलून झाली तशी घरची मागणी संपत आली, आणि चित्तरंजन, वाराणसीचे इंजिन कारखाने उभे राहिल्यावर आपली गरजही सरली. १९७० मध्ये न्यूटन-ले-विलोजला इंजिन बांधणं बंद झालं. जवळजवळ एकशे चाळीस वर्षांच्या त्या जागेतून सहा हजारांवर इंजिनं बाहेर पडली होती. नंतर तिथं नुसती डिझेल यंत्रं बनत राहिली, २००२ मध्ये दारं बंद झाली, २००७ मध्ये शेड पाडल्या, आता तिथं घरं आहेत. गिरणगावातल्या माणसाला यापुढचं सांगायला नको.

व्हल्कनबद्दल हे सगळं मला इथं बसून सांगता आलं, कारण तिकडे त्या कारखान्याची नोंद राहिली. कुठलं इंजिन कधी निघालं, कुणाला गेलं, फोटो, नकाशे. परळमध्ये फ्रेमपर्यंत उघडून पुन्हा उभ्या केलेल्या इंजिनांची आणि ती उभी करणाऱ्यांची अशी नोंद आपण अजून केलेली नाही. तेव्हा समोर बसलेल्या निवृत्त मंडळींना विनंती. तुमच्याकडे जुनं हजेरीचं टोकन असेल, शॉपमधला गट-फोटो असेल, एखादा ड्रॉइंगचा कागद, अप्रेंटिसचं प्रमाणपत्र, हातानं केलेलं गेज असेल, तर ते भंगारात देऊ नका. खाली टेबलाशी एक वही ठेवली आहे. नाव, शॉप, टिकट नंबर आणि साधारण कुठल्या साली लागलात एवढं लिहा. पॅटर्न शॉप आणि बॉयलर शॉपमधल्यांनी आधी लिहा, कारण ती कामं करणारे आता फार थोडे राहिलेत. आम्ही घरी येऊन बोलणं रेकॉर्ड करू, वस्तूंचे फोटो काढू, आणि वस्तू तुमच्याकडेच राहतील.